साहेबाची आंबील आणि माझं पाचवं प्रकरण

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही गेले तरी आधी सांगून टाकते. काहींना त्यात गर्व दिसतो. दिसू दे. वडिलांची शाळा चौथीत सुटली आणि गुरांमागं गेली. आईला सही येते, पण सही करताना ती श्वास रोखून धरते. त्या घरातून मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, नेट झाले, वाशीमच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले आणि इंग्रजी साहित्यात पीएच.डी.ला नाव नोंदवलं. आता एवढ्यावर गर्व करायचा नाही तर कशावर करायचा?

विषय घेतला होता तो असा: ज्या देशांवर गोऱ्यांचं राज्य होतं, त्या देशांतल्या लेखकांच्या कादंबऱ्या, आणि त्यांतले अविश्वसनीय निवेदक. म्हणजे ज्याच्या तोंडून आपण गोष्ट ऐकतो, त्याच्याच शब्दावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असा माणूस. तो विसरतो, लपवतो, वाढवून सांगतो, मध्येच म्हणतो की मागच्या पानावर मी चुकलो होतो.

घरी हे समजावून सांगायला एक संध्याकाळ गेली. वडील बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले की खोटारड्यांचा अभ्यास करायचा तर एवढ्या लांब कायले जायचं, आपल्या ग्रामपंचायतीत बसली असती तर भाडं वाचलं असतं. आईनं विचारलं, "म्हणजे ज्याले गोष्ट नीट सांगता येत नाई, त्याच्यावर तू तीन वर्षं लिवून राह्यली?"

मी तिला म्हटलं, असं नाही. आणि खरंच असं नव्हतं. मला हा विषय आतून लागला होता. कॉलेजच्या ग्रंथालयात, खालच्या कपाटात, साहेबी अमदानीतले जाड अहवाल पडलेले होते. मी ते वाचले. तीन आठवडे तंबू ठोकून राहिलेला माणूस आख्ख्या परगण्यातली माणसं कशी आहेत ते लिहून टाकतो, आणि शंभर पानांत एकदाही ‘बहुतेक’ असा शब्द येत नाही. ‘मला असं वाटतं’ नाही, ‘मला कळलं नाही’ तर नाहीच नाही. आणि त्याच्यानंतर शंभर वर्षांनी, त्याच्या रयतेच्या नातवंडांनी लिहिलेल्या कादंबऱ्या उघडल्या तर त्यातला प्रत्येक जण चाचपडत बोलतो. आठवत नाही म्हणतो. चुकलो म्हणतो. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्याला शंका येते त्याला आपण अविश्वसनीय म्हणतो आणि ज्याला कधीच शंका येत नाही त्याचं पुस्तक कपाटात जपून ठेवतो. हे मी चार प्रकरणांत, इंग्रजीत, तळटीपांसकट मांडलं. मांडताना छाती जरा पुढंच होती.

मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, चार प्रकरणं कादंबऱ्यांची झाली, पाचवं तुझ्या मातीतलं असू दे. कोणी गोष्ट सांगणारं आहे का तुमच्याकडं?

कोणी आहे का म्हणे. आमच्याकडं मोठे बाबा आहेत.

मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. पंच्याहत्तरी ओलांडलेले, अंगानं काटक, इंझोरीला राहतात. गावात कोणाचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा असो, तेरवी असो, पंगत बसायला उशीर होत असला की माणसं त्यांच्याभोवती सरकतात. आचाऱ्याची भाजी शिजायला जेवढा वेळ लागेल तेवढी लांब गोष्ट ते सांगतात. त्यांच्या गोष्टींत सगळ्यात मानाची गोष्ट साहेबाची. त्यांच्या आज्याच्या बापाच्या वेळी जमीन मोजायला एक इंग्रज साहेब इंझोरीच्या शिवारात आला, आमराईत तंबू पडला आणि साहेबाला ताप चढला. तेव्हा आमच्या त्या पूर्वजानं त्याला आंबील पाजून वाचवलं. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, शिजवून केलेलं पातळ पेय. उन्हाळ्यात आमच्याकडं घरोघर असतं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेली. ऐकत म्हणजे, पंगतीत इकडून तिकडं पळताना कानावर पडेल तेवढी.

माझ्या विषयाला याहून चांगलं काय मिळणार होतं? साहेब आहे, रयत आहे, आणि सांगणारा आमच्याच घरातला आहे.

मी पद्धतशीर कामाला लागले. संशोधन पद्धतीचं पुस्तक वाचलं. त्यात स्पष्ट दिलं होतं की मुलाखत घेणाऱ्यानं निवेदकाला वळण देऊ नये. मान डोलावू नये, होकार देऊ नये, ‘हो का’, ‘मग’, ‘अच्छा’ असे आवाज तर बिलकूल काढू नयेत, कारण त्यानं निवेदन दूषित होतं. मी ते वाक्य लाल पेनानं अधोरेखित केलं. फेब्रुवारी ते मे, जमेल त्या रविवारी मी वाशीमहून एसटीनं मानोऱ्याला आणि तिथून मिळेल त्या गाडीनं इंझोरीला जायची. मोठ्या बाबांसमोर मोबाइल ठेवायची, म्हणायची, ‘साहेबाची गोष्ट सांगा’, आणि दगडासारखी बसायची. तोंडातून आवाज नाही, चेहऱ्यावर सुरकुती नाही. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावून तिच्यात काय बदलतं ते टिपायचं, अशी माझी रीत. एकूण अकरा रेकॉर्डिंगं केली.

आणि गोष्ट बदलली. अशी बदलली की मी वहीवर वही भरत गेले.

पहिल्या खेपेला साहेब साधा तापानं फणफणलेला होता. तिसऱ्या खेपेला त्यानं आंबिलीसोबत भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागितला, आणि ठेचा खाऊन तो ढसाढसा रडला. गावाला वाटलं, साहेबाला आपल्या राज्याचा पश्चात्ताप झाला. पाचव्या खेपेला तो आमच्या पूर्वजाच्या बायकोला ‘माय’ म्हणाला. सातव्याला साहेबानं शंभर एकर देऊ केली आणि पूर्वजानं हात जोडून नको म्हटलं. नवव्याला साहेबाची मडम घोड्यावर बसून आभार मानायला आली. आणि अकराव्या खेपेला थेट विलायतेहून राणीचा माणूस आला की राणीसाहेबांना आंबील कशी करतात ते लिहून पाहिजे, आणि आमचा पूर्वज म्हणाला की हे लिहून देता येत नाही, हाताला समजावं लागतं, राणीले इकडं पाठवा.

मी या वाक्यावर अठरा पानं लिहिली. अठरा. त्यात असं मांडलं की शोषित निवेदक दर पुनर्कथनात सत्तेचा तराजू थोडा थोडा आपल्याकडं झुकवत नेतो. ठेचा हे प्रतिकाराचं रूपक. राणीची मागणी म्हणजे ज्ञानाच्या साम्राज्याची शरणागती. मॅडमनी ते वाचलं आणि फोन करून सांगितलं की चार प्रकरणं चांगली आहेत, पण पाचव्यानं तू डॉक्टर होणार. मी त्या दिवशी बसस्टँडवर उभ्या उभ्या दोन कप चहा प्यायले.

प्रबंध सादर झाला. परीक्षकांचे अहवाल आले. मौखिकीची तारीख लागली. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कायम जागेची जाहिरात निघाली होती, पीएच.डी. हातात असली तर ती जागा मला मिळण्यासारखी होती. तासिकेवर आठ वर्षं काढलेल्या माणसालाच ‘कायम’ या शब्दाची चव कळते. माझं सगळं त्या मौखिकीवर टांगलेलं होतं.

मौखिकीच्या पंधरा दिवस आधी इंझोरीत एका घरी साक्षगंध होतं. पंगतीला वेळ होता. मांडवात मोठे बाबा बसले होते आणि त्यांच्या शेजारी चाचा.

चाचांचं सांगायला पाहिजे. मोठ्या बाबांच्या घराला लागून चाचांचं गाद्या भरायचं दुकान आहे. दोघं एका वयाचे, पोरवयापासूनचे दोस्त. मोठे बाबा गोष्ट सांगतात तेव्हा चाचा शेजारी असतातच, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण पाटलाच्या बैठकीत तक्क्या असतो तसे ते मला वाटायचे. मी रेकॉर्डिंग करत होते ते चार महिने मात्र ते गावात नव्हते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायला कारंज्याला लेकीकडं गेले होते, आणि लेकीनं त्यांना उन्हाळाभर सोडलं नाही.

एव्हाना चाचा परतलेले होते, काळा चष्मा अजून लावून. पाव्हण्यांपैकी कोणीतरी साहेबाची गोष्ट सांगा म्हटलं. मोठ्या बाबांनी सुरुवात केली, आणि दर वाक्याला चाचांनी ‘हूं’ म्हणायला सुरुवात केली. साहेब आला. हूं. आमराईत तंबू ठोकला. हूं. एका ठिकाणी मोठे बाबा म्हणाले की साहेबाच्या लवाजम्यात पन्नास घोडे होते. चाचा ‘हूं’ म्हणाले नाहीत. ‘अच्छा?’ म्हणाले. मोठे बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, पन्नास नसतीन, पाच होते. हूं. गोष्ट पुढं गेली.

ती गोष्ट अशी होती. साहेबाला ताप आला. रोग आपल्याला लागेल म्हणून त्याचे नोकर तंबूपासून लांब बसले. आमचा पूर्वज तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तांब्याभर आंबील घेऊन गेला, साहेबाचं डोकं मांडीवर घेऊन त्यानं ती पाजली. चौथ्या दिवशी ताप उतरला. तंबू निघाला. साहेब घोड्यावर बसला, त्यानं पूर्वजाकडं एकदा पाहिलं आणि तो निघून गेला.

"तीन दिवस पाजली," मोठे बाबा म्हणाले. "नाव नाई इचारलं."

संपली गोष्ट. त्या शेवटच्या वाक्यानंतर चाचा ‘हूं’ म्हणाले नाहीत, ‘अच्छा’ही नाही. मग पंगत बसली.

मी जेवले नाही. ठेचा नव्हता, मडम नव्हती, राणी नव्हती. पानावरून उठून मी मोठ्या बाबांना गाठलं. ते हात धुवत होते, चाचा तांब्यानं पाणी घालत होते.

"मोठे बाबा, ठेचा कुठं गेला?"

"वाढला नाई का तुले?"

"साहेबानं खाल्लेला ठेचा. आणि राणीचा माणूस?"

त्यांनी हात झटकले, धोतराला पुसले. "अवं, ते तुह्यासाठी होतं."

"माझ्यासाठी म्हणजे?"

"मी सांगून राह्यलो आन् तू मुकी. हूं नाई, हां नाई. मले वाटलं पोरीले गोष्ट गोड लागून नाई राह्यली. म्हून थोडा ठेचा टाकला. तरी बोलेना. मंग मडम आणली. राणी आणली. अजून कोणाले आणू?"

मी म्हटलं, खोटं आहे असं एकदा तरी सांगायचं. तर ते म्हणाले की ते सांगणाऱ्याचं काम नव्हे. सांगणारा सांगते, हुंकारा देणारा पाह्यते. प्रत्येकानं आपापलं काम करावं.

चाचांनी माझ्याकडं दया आल्यासारखं पाहिलं. "बैल खुद होके रुकता क्या, बेटी? कासरा किसी के तो हाथ में होना."

वाशीमला परतताना एसटीत मी सगळी अकरा रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकली. आता ऐकू आलं. दर वाक्यानंतर मोठे बाबा जरा थांबतात. तिथं जागा सोडलेली आहे. त्या जागेत माझा आवाज यायला हवा होता. तो येत नाही, मग ते खाकरतात आणि पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा मोठं करतात. मी ज्याला प्रतिकार म्हटलं होतं तो एका म्हाताऱ्या माणसानं, मुकी पुतणी एकदा तरी ‘अच्छा?’ म्हणेल या आशेनं केलेला चार महिन्यांचा प्रयत्न होता. अविश्वसनीय निवेदक कसा ओळखावा यावर मी चार प्रकरणं लिहिली होती. पाचव्यात मी त्याला स्वतःच्या हातानं घडवलं आणि ओळखलं नाही.

आता काय करायचं? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की अहवाल उत्तम आलेत, विचारलं तेवढंच बोल, आपण होऊन काही सांगू नकोस. आई तर म्हणाली, यात सांगण्यासारखं हाय तरी काय? राणी येऊन इचारणार हाय का? दोघींचंही बरोबर होतं. मी ठरवून टाकलं की बोलायचं नाही.

मौखिकी आमच्याच कॉलेजात होती, आणि ती खुली असते, कोणीही येऊन बसावं. आमच्याकडची पहिली पीएच.डी. म्हणून काळीपिवळी जीप करून घरचे आले: आई, वडील, मोठे बाबा आणि चाचा. चाचांनी नवा चष्मा घातलेला. तिसऱ्या ओळीत चौघं लग्नात वरमाय बसते तशी बसली. मी पडद्यावर एकेक चित्र दाखवत चाळीस मिनिटं बोलले. मग बाहेरगावाहून आलेले परीक्षक बोलायला लागले. पांढऱ्या केसांचे, हळू आवाजाचे, मराठी घरात बोलत असावेत पण सभेत इंग्रजी. त्यांनी पहिली चार प्रकरणं दोन मिनिटांत संपवली आणि पाचव्यावर आले. म्हणाले, गेल्या कित्येक वर्षांत इतका सुंदर प्रसंग त्यांच्या वाचनात आला नव्हता: साम्राज्याची राणी रयतेकडं आंबिलीची कृती मागते.

त्या इंग्रजी वाक्यात मोठ्या बाबांना दोन शब्द कळले. एक आंबील. दुसरा ‘क्वीन’, तोही त्यांना कळला असावा, कारण त्यांनी चाचांना कोपरानं ढोसलं आणि ते हसले. असं हसले की जणू आपली गोष्ट मोठ्या दरबारात पोचली. चाचा हसले नाहीत. ते माझ्याकडं पाहत होते, मांडवात मोठ्या बाबांकडं पाहतात तसं.

मला फक्त ‘थँक यू सर’ म्हणायचं होतं.

"सर, राणीचा प्रसंग खोटा आहे," मी म्हटलं. मराठीतच निघालं.

मॅडमनी डोळे मिटले. परीक्षकांनी चष्मा काढला. त्यांनी शांतपणे विचारलं की हे तुम्हाला कोणी सांगितलं. मी म्हटलं, खुद्द निवेदकानं.

"म्हणजे तुमच्या प्रबंधात ज्यांना तुम्ही आख्खं प्रकरणभर अविश्वसनीय म्हणता, त्यांनी?"

हॉल हसला. माझे विद्यार्थीही हसले, त्यांचं काय जातं. मी हो म्हटलं.

"मग आताचं तरी खरं कशावरून?"

मी साठ कादंबऱ्या वाचल्या होत्या. एकही मदतीला आली नाही. मी म्हटलं, "या वेळी चाचा बसले होते, सर." आणि मग मला सगळं सांगावं लागलं. हुंकारा म्हणजे काय. पन्नास घोड्यांचे पाच कसे होतात. आणि पुस्तकातलं वाक्य मी लाल पेनानं कसं अधोरेखित केलं. हॉल पुन्हा हसला, या वेळी मीही थोडी हसले. परीक्षक म्हणाले, मग खरी गोष्ट सांगा. मी सांगितली. साधीच, मराठीत. तंबू, ताप, तांब्याभर आंबील. मध्येच कुठंतरी परीक्षकांच्या तोंडून ‘हूं’ निघालं. त्यांना ते कळलंही नसावं. मी शेवटच्या वाक्यापर्यंत आले आणि थांबले. ते खाली कागदाकडं पाहत राहिले.

निकाल तिथंच लागला नाही. पाचवं प्रकरण नव्यानं लिहा, अकराही रेकॉर्डिंगं आणि बारावं, मांडवात ऐकलेलं कथन त्यात घ्या, आणि संशोधकाच्या मौनावर एक स्वतंत्र भाग लिहा, असं ठरलं. सहा महिन्यांची मुदत. मधल्या काळात कायम जागेची मुलाखत झाली. मी गेले, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं नीट कपडे करून गेले, पण माझ्या हातात पदवी नव्हती आणि दुसऱ्या एकीच्या हातात होती. तिला मिळाली. ती चांगली शिकवते, हेही सांगून ठेवते. आईनं आठ दिवस माझ्याशी मोजकं बोलणं ठेवलं आणि नवव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "खरं बोलायचंच होतं तं डिग्री हातात आल्यावर बोलली असती. खरं काय नासून चाल्लं होतं?"

मौखिकीहून परतताना गाडीत मोठे बाबा मंगरूळपीरपर्यंत खिडकीबाहेरच पाहत होते. मला वाटलं, त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं म्हणून राग आला. मंगरूळपीरला चहाला उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, माझ्या पुस्तकात त्यांचं नाव कुठं छापलं आहे. मी सांगितलं की नाव छापत नाहीत, तसा नियम आहे. निवेदकाची ओळख उघड करायची नसते. तुम्ही त्यात ‘निवेदक एक’ आहात.

त्यांनी बशीत चहा ओतला. "त्या साहेबाचाबी असाच कायी नियम असंन," ते म्हणाले.

एवढंच. त्यात टोमणा होता की नव्हता हे मी आजही सांगू शकत नाही. पण माझा कप मी तसाच भरलेला टपरीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात जाऊन विचारलं. निवेदकाची लेखी संमती असली तर नाव देता येतं, असं कळलं. हे आधी विचारायचं मला सुचलं नव्हतं, कारण नियमाचं पुस्तक मीही साहेबासारखंच वाचलं होतं, एकदाही शंका न घेता. संमतीपत्रावर मोठ्या बाबांनी सही केली, पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट, ओळ पुरली नाही म्हणून खाली उतरवलेली. प्रबंधात ते नाव पाचव्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत आहे. इथं मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही. ज्याला पाहिजे त्यानं ग्रंथालयात जाऊन पाहावं, मी डॉक्टर झाल्याचा पुरावाही तिथंच मिळेल.

नवं प्रकरण पाठवण्याआधी मी ते इंझोरीला ओसरीवर बसून मोठ्या बाबांना मराठीत वाचून दाखवलं. शेजारी चाचा. मी एकेक वाक्य वाचायची, चाचा ‘हूं’ म्हणायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो माझ्या मौनाचा भाग आला. मी वाचलं की संशोधकानं पद्धतीच्या आग्रहामुळं सर्व अकरा बैठकांत जाणीवपूर्वक मौन पाळलं.

"सगळ्याईत नाई," मोठे बाबा म्हणाले. "सातव्या खेपेले तू झोपली होती."

मी म्हटलं, अजिबात नाही. ते म्हणाले, म्हून तं शंभर एकर आणली. म्हटलं, जमिनीचं नाव काढल्यावर तरी पोरगी जागी होईन. मी चाचांकडं पाहिलं. चाचांनी हात वर केले. ते तेव्हा कारंज्याला होते, ते यात पडणार नव्हते. शेवटी मी मोबाइल काढला आणि सातवं रेकॉर्डिंग लावलं. बाविसाव्या मिनिटाला घर्रर्र असा एक आवाज येतो, चांगला चार-पाच मिनिटं चालतो. मोठे बाबा म्हणाले, ऐक. मी म्हटलं, हा कुलर आहे. एप्रिल महिना, दुपार, कुलर नाही तर काय. ते म्हणाले की त्या दुपारी लाइन गेली होती, वीजच नव्हती, त्यांना पक्कं याद आहे, ते स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेत सांगत होते.

ते वाक्य मी बदललं नाही. प्रबंधात ‘जाणीवपूर्वक मौन’ असंच छापलेलं आहे, विद्यापीठाच्या शिक्क्यासकट. लाइन गेली होती हे खरं, पण ती लगेच परत आली होती. मला चांगलं आठवतं.